चिंधी नसलेली बंदूक

धूर एवढा होता की कोण मेलं ते दिसेना.

मी शेडच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. ट्रे हातात राहिला, कप खाली गेले. आत माझा नवरा होता, आमचा मालक अर्बाब होता आणि खांबाला बांधलेली अर्बाबची बकरी होती. आता नुसता पांढरा धूर होता आणि त्याच्या पलीकडून धो धो पाणी पडल्याचा आवाज येत होता. रक्त एवढा आवाज करत नाही, म्हणजे हे दुसरं काहीतरी आहे, एवढं मला कळलं.

"अवो!" मी ओरडले. "जिते आसात तर ओ द्या!"

कोणी ओ दिली नाही. मग अर्बाबला हिंदीत हाक मारली. तोही गप्प. बकरीसुद्धा गप्प, आणि ती तर एरवी माणसाला बोलू देत नसे.

मी रडले बिडले नाही. ट्रे खाली ठेवला आणि पहिला विचार आला तो असा, की आता मुलाला फोन करायचा तर चष्मा घरात आहे.

हे सगळं एका चिंधीपायी झालं. म्हणजे चिंधी नव्हती त्यापायी. पण ते कळायला आमच्या गावच्या बंदुकांचे कायदे आधी सांगायला हवेत, नाहीतर माझा नवरा मूर्ख आहे असं वाटेल. तो मूर्ख नाही. सुतार आहे आणि हट्टी आहे.

आमचं गाव सिंधुदुर्गात, घाटाच्या पायथ्याला. भात पोटरीला आलं की रानडुकरं यायची. वानर तर बारा महिने. माझ्या बापाकडे ठासणीची बंदूक होती. ठासणीची म्हणजे तोंडातून भरायची. आधी दारू ओतायची, मग काथ्याचा बोळा, मग छर्रे, मग वर आणखी बोळा, आणि लोखंडी गजाने हे सगळं आत ठोकून बसवायचं. परवाना शेतीच्या राखणीचा. त्याचा अर्थ असा की डुक्कर शेतात असलं तर मारायचं आणि बांधावर उभं राहून बघत असलं तर मारायचं नाही, कारण मग ती शिकार झाली. हा कायदा डुकराला ठाऊक नव्हता. फौजदाराला होता.

माझा आजा सांगायचा, संस्थानाच्या वेळी बंदूक कोणी ठेवायची ते राजवाड्यावरून ठरायचं आणि दारू घरीच कुटायची. मग इंग्रजाचा कायदा आला, बंदुकीवर आकडा ठोकला आणि दारू कुटणारे गपचूप कुटू लागले. मग आपलं सरकार आलं, तेव्हा दारू परवानेवाल्या दुकानातूनच आणायची, तीही ठरलेली, आणि ती कुठे ठेवली ते विचारायला पोलीस घरी यायचा. आजाच्या बोलण्यातलं खरं किती आणि खोटं किती ते तोच जाणे. पण प्रत्येक नवीन सरकारने पहिली गोष्ट काय केली, तर आमच्या भिंतीवरची बंदूक मोजली, हे खरं.

निवडणूक आली की सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायच्या. मत पडून, मोजणी होऊन, कोण निवडून आला ते कळेपर्यंत तिकडेच. गावातली माणसं म्हणायची, आमच्यापेक्षा डुकरांना मतदान आधी कळतं. ते काही खोटं नव्हतं. त्या दिवसांत डुकरं चुलीपर्यंत यायची.

हे झाले सरकारचे कायदे. गावाचे वेगळे होते आणि ते जास्त कडक होते. देवराईत बार काढायचा नाही. शिमग्याला पालखी निघाली की पहिला बार मानकऱ्याचा, त्याच्या आधी कोणी काढला तर वर्षभर त्याच्या घरी पालखी जायची नाही. बाईमाणसाने बंदूक ओलांडायची नाही. मी ओलांडली होती लहानपणी, काही झालं नाही. आणि सगळ्यात मोठा कायदा चिंधीचा. बंदूक भरली की तिच्या तोंडात चिंधी कोंबायची. दमट हवा आत जाऊ नये म्हणून असेल, पण मुख्य म्हणजे घरातल्या पोरासोरांना कळावं म्हणून. तोंडात चिंधी असली तर बंदूक भरलेली, तिच्या वाटेला जायचं नाही. चिंधी नसली तर रिकामी. चिंधीशिवाय भरलेली बंदूक भिंतीला टांगणं म्हणजे विहिरीला काठ न बांधणं. असला माणूस आमच्याकडे नव्हता.

माझा सासरा सुतार. पंचक्रोशीतल्या बंदुकांचे लाकडी दस्ते तोच बसवायचा. त्याच्या हाताखाली माझा नवरा शिकला. बंदूक आली की पहिलं तिच्या तोंडाकडे बघायचं. चिंधी दिसली तर परत पाठवायची. नसली तर काम सुरू. आणखी एक सवय त्या घरात होती. दस्ता बसवायला आलेली बंदूक असली तरी तिचा कान साफ करून द्यायचा. कान म्हणजे मागचं बारीक भोक, ज्यातून ठिणगी आत जाते. तो कचऱ्याने बुजतो. दाभण लाल करून त्यात घातला की मोकळा होतो. कोणी सांगितलेलं नसायचं, पण बुजलेला कान तसाच परत देणं म्हणजे सुताराचं नाक कापणं.

आता माझ्या बापाची गोष्ट सांगते, कारण तिचंही पुढे काम आहे. बापाने एकदा बंदूक शेजाऱ्याला दिली. परवाना ज्याच्या नावावर त्यानेच ती हातात धरायची, हा कायदा. शेजाऱ्याने डुकरावर बार टाकला आणि दुसऱ्याच्याच म्हशीच्या कानाला छर्रा लागला. म्हैस मेली नाही, पण तिचा मालक ठाण्यात गेला. फौजदार आला. बाप म्हणाला, "माझी बंदूक खुंटीवरनं खाली उतरलेलीच नाय." फौजदार खुंटीकडे गेला. त्याने बंदूक काढली, नळीच्या तोंडाला नाक लावलं आणि परत बापाकडे बघितलं. पेटलेल्या दारूचा वास सडलेल्या अंड्यासारखा असतो आणि तो पुसल्याने जात नाही.

बंदूक दिली म्हणून ताकीद मिळाली असती. खोटं बोलला म्हणून परवानाच गेला. पुढच्या वर्षी डुकरांनी अर्धं भात खाल्लं. त्याच्या पुढच्या वर्षी मला चौथीतून काढून शेतातल्या माळ्यावर बसवलं, पत्र्याचा डबा बडवायला. माझी शाळा तिथे संपली. फार वाईट वाटलं असं नाही, मास्तर मारकुटा होता. पण दारूच्या वासासमोर खोटं बोलायचं नाही, एवढं शिक्षण मला पक्कं झालं.

लग्न झालं, नवरा ओमानला आला, मागून मी आले. सहममध्ये अर्बाबची खजुराची आणि लिंबाची बाग, रस्त्याला दुकानांची ओळ, त्यातल्या एका दुकानात नवऱ्याची सुतारकी. अर्बाब म्हणजे मालक. आमचे कागद त्याच्या नावावर. पण दोघं एकाच वयाचे, आणि इतकी वर्षं रोज भांडून भांडून त्यांचं भावासारखं झालेलं. आम्ही त्याच्याच बागेत मागच्या दोन खोल्यांत राहायचो. त्याचं हिंदी माझ्या हिंदीपेक्षा चांगलं होतं, म्हणजे बघा.

मी आले तेव्हा तिथल्या लग्नात बंदुका उडायच्या. पुरुष दोन ओळीत नाचायचे, तलवारी हवेत फेकून झेलायचे आणि मधूनच आभाळात बार. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, पालखी आली. मग हळूहळू ते कमी झालं. परवाने तपासायला लागले, हवेत उडवू नका म्हणून सांगायला लागले, आणि आता बंदूक नुसती नाचते, बोलत नाही. कमरेचा खंजीर राहिला, तो सणाला नि लग्नाला असतोच. आम्हा लोकांचं म्हणाल तर दिवाळीला फटाकासुद्धा नाही. माझी नात मस्कतला माबेलात वाढली. तिने लवंगी माळ मोबाइलवरच बघितली आहे. मला विचारते, "आज्जी, डझ इट हर्ट?" मी म्हटलं, हातात धरलीस तर हर्ट करेल. तर कायदे सगळीकडे आहेत. फरक एवढाच की गावचे कायदे आम्हाला पाठ होते आणि इथले आम्ही ऐकून ऐकून जमवलेले. त्यातला एक तर सगळ्यांना ठाऊक. परदेशी माणसाने बंदुकीला हात लावायचा नाही. तुरुंग किंवा विमान, नाहीतर आधी तुरुंग आणि मग विमान.

आणि तरीसुद्धा अर्बाब त्या दुपारी त्याच्या आजोबाची बंदूक चादरीत गुंडाळून, नवरा लाकूड ठेवायचा त्या बागेतल्या शेडमध्ये घेऊन आला.

नातवाचं लग्न आठवड्यावर आलं होतं. नाचात आजोबाची बंदूक हवी, हा त्याचा हट्ट. ती परवान्यावर होती, घरात वडिलार्जित म्हणून लिहिलेली, पण दस्ता तडकलेला. हवेत फेकून झेलली तर हातात लाकूड आणि पायावर लोखंड अशी गत. लांबच्या लांब बंदूक, नळीला चांदीच्या पट्ट्या, वातीने पेटवायची जुन्या तऱ्हेची. आमच्याकडे तिला तोड्याची बंदूक म्हणतात. माझ्या नवऱ्याचे डोळे चमकले. पन्नास वर्षं दारं-खिडक्या करून करून कंटाळलेला माणूस.

मी तिथेच होते. मी म्हटलं, "हात लावू नकात. तुरुंगात जाशात."

"गप गो," नवरा म्हणाला. "दस्तो बसवचो आसा, बार काढूचो नाय. लाकडाक कायदो नाय."

"अम्मा, माफी मुश्किल," अर्बाब म्हणाला. काही अडचण नाही. हा शब्द त्याने ज्या ज्या वेळी वापरला त्या त्या वेळी अडचण आली आहे. "मेरा घर, मेरा बंदूक, मेरा भाई. किसको मालूम?"

"भरलेली नाय मां?" मी विचारलं.

नवऱ्याने बंदुकीचं तोंड माझ्याकडे वळवलं, म्हणजे मला दिसावं म्हणून, आणि आत बोट घालून दाखवलं. "खंय आसा चिंधी? बघ."

चिंधी नव्हती. माझंही समाधान झालं. मी खोटं कशाला बोलू, मीही त्याच गावची. नळीत गज घालून बघावा हे दोघांनाही सुचलं नाही. बंदुकीसोबत गज नव्हताच, तो कधीचा हरवला होता. अर्बाबच्या आजोबाने ती कधीतरी कोणावर तरी रागावून भरली असेल, तो माणूस आला नसेल, आणि म्हाताऱ्याने ती तशीच भिंतीला लावून ठेवली असेल. त्यांच्या गावात चिंधीचा कायदा नव्हता. अर्बाबला विचारलं तर तो म्हणाला, "ये तो मेरे बाप के टाइम से खाली है." बापाच्या वेळेपासून रिकामी. त्याला काय ठाऊक, आजोबाच्या वेळेला काय होती ते?

मी चहा करायला गेले. माझ्या पाठीमागे नवऱ्याने दस्ता बसवला. तो छान बसला, मी नंतर बघितला. मग त्याने बंदूक टेबलाच्या शिकंज्यात धरली आणि कान बघितला. बुजलेला. मग काय, त्याने दाभण तापवायला घेतला.

बाकीचं तुम्हाला आलंच लक्षात.

धूर निवळायला लागला तेव्हा पहिल्यांदा बकरी दिसली. चारही पाय ताठ करून उभी होती, डोळे उघडे, आणि हलत नव्हती. मग टेबलाखालून अर्बाबचे पाय दिसले. मग अर्बाबच्या अंगावर पडलेला माझा नवरा. तोंड काळं, भुवया नाहीत. उजव्या हाताची बोटं भाजलेली, आणि त्या बोटांत अजून दाभण.

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो मोठ्याने ओरडला, "काय?"

"ओ कित्याक दिलास नाय?"

"काय?"

अर्बाब खालून ओरडला, "क्या?"

दोघांच्याही कानात काही शिल्लक नव्हतं. एकमेकांना हलवून हलवून विचारत होते, तू मेलास का, आणि दुसऱ्याचं उत्तर कोणालाच ऐकू येत नव्हतं. मी दोघांची डोकी, छाती, पोट हातांनी चाचपली. कुठे भोक नव्हतं. भोक शेडच्या पत्र्याला होतं, आणि त्याच्या मागे उंचावर ठेवलेल्या पाण्याच्या टाकीला. पाणी तिथून येत होतं. ते एका अर्थी बरं झालं. मी नवऱ्याचा हात त्या धारेखाली धरला.

मग मी बाहेर बघितलं. बागेच्या फाटकाबाहेर शेजारच्या दुकानातली माणसं जमली होती आणि रस्त्याने पोलिसांची गाडी येत होती. गाडी लांब नव्हतीच, कोपऱ्यावरच्या गोल चक्कराजवळ रोज उभी असते.

दोघांना गाडी ऐकू आली नाही, पण मी बोट दाखवलं तेव्हा दिसली. तेव्हा मात्र त्यांची डोकी चालायला लागली. बंदूक चादरीत गेली, चादर लाकडाच्या फळ्यांमागे गेली. अर्बाब माझ्या कानाशी येऊन ओरडला, म्हणजे त्याला वाटलं तो कुजबुजतोय, "अम्मा! बोलो कुकर फटा! प्रेशर कुकर!"

नवरा म्हणाला, "होय, होय. कुकर फुटलो. डाळीचो."

"कुकर चुलीवर आसा. धड आसा," मी म्हटलं.

"काय?"

तेवढ्यात मुलाचा फोन आला. शेजारच्या दुकानदाराने त्याला कळवलं होतं. तो मस्कतला, अल् खुवैरच्या ऑफिसात. "आई, बाबा कसे आहेत? जिवंत आहेत ना? बरं, ऐक. काहीच बोलू नकोस. मी निघालोय, दोन तासात पोचतो. कोणी काही विचारलं तर म्हण भाषा कळत नाही. आई, बाबांना डिपोर्ट करतील, कळतंय का तुला? ह्या वयात, एका बॅगेवर."

मला कळत होतं. आमचं सगळं ओमानातच होतं. गावचं घर कधीच भावकीत गेलेलं. ह्या वयात ह्या माणसाला तुरुंगात टाकला तर त्याचं पथ्य कोण सांभाळणार, आणि विमानात बसवला तर तो उतरणार कुठे? मी फोन ठेवला.

आत आला तो पोलीस तरणा होता. मुलापेक्षाही लहान. त्याने सलाम केला, अर्बाबला वाकून, वयाचा मान म्हणून. मग शेडकडे, टाकीकडे, बकरीकडे बघितलं. अर्बाबने अरबीत सुरू केलं. मला सगळं कळत नव्हतं, पण 'कुकर' मधेमधे येत होता. हातांनी तो किती मोठा उडाला तेही दाखवून झालं. नवरा मान हलवत होता, ऐकू येत नसताना.

पोलिसाने श्वास घेतला. मी त्याचं नाक बघत होते. अगदी तसंच, आमच्या फौजदारासारखं, एकदा आत आणि थांबलं.

मला माझ्या बापाचं तोंड आठवलं. माळ्यावरचा डबा आठवला.

"कुकर माफी," मी मोठ्याने म्हटलं. "कुकर नहीं है साब. बंदूक है. पुराना. लकड़ी के पीछे."

अर्बाबला ऐकू आलं नव्हतं, पण माझं बोट कुठे आहे ते दिसलं. त्याने कपाळाला हात लावला. नवरा माझ्याकडे असा बघत होता की भुवया असत्या तर वर गेल्या असत्या.

"तुका काय अक्कल आसा?" तो ओरडला.

"कुकर फुटल्यार डाळीचो वास येता," मी त्याच्या कानात ओरडले. "हो कसलो वास?"

आता माझ्या मनात काय होतं ते सांगते, म्हणजे मला कोणी हरिश्चंद्राची बहीण समजू नये. पोलिसाला नाक होतं. माझा कुकर शाबूत होता. खोटं पकडलं गेलं असतं तर ते तिघांनी मिळून बोललेलं खोटं झालं असतं, आणि मग साधं खुळेपणाचं काम चोरीचं दिसलं असतं. बस्स. मी हिशेब केला आणि बोलले. चुकलाही असता.

पोलिसाने फळ्यांमागून बंदूक काढली. तोंडाला नाक लावलं. मग त्याने हाताने खूण करून विचारलं, पेटवली कोणी.

इथे मात्र मजा झाली. इतका वेळ कुकरवर ढकलणारे दोघं म्हातारे एकदम पुढे आले. अर्बाब छातीवर हात मारून म्हणाला, बंदूक माझी, माझ्या आजोबाची, मी आणली, मी दिली, ह्याने नको म्हटलं होतं. हे शेवटचं साफ खोटं होतं. नवऱ्याला शब्द ऐकू आले नाहीत, पण अर्बाब छाती कशाला बडवतोय ते कळलं. तो म्हणाला, "मैं, मैं! मेरा हाथ!" आणि भाजलेला हात पुढे केला. अर्बाबने त्याला ढकललं. त्याने अर्बाबला ढकललं. पोलीस मध्ये बंदूक धरून उभा. आणि त्याच वेळी बकरीला शुद्ध आली, म्हणजे ती बें बें करायला लागली आणि थांबेचना.

तो पोलीस हसला. मी बघितलं. पटकन तोंड फिरवलं त्याने, पण खांदे हलत होते.

हसला म्हणून सोडलं असं नाही. दोघांना गाडीत घातलं, आधी दवाखान्यात आणि मग ठाण्यावर. बंदूकही गेली. मी फुटके कप गोळा केले, शेड झाडली, टाकीच्या भोकात लाकडाची खुंटी ठोकली आणि भात टाकला. दुसरं काय करणार? मुलगा आला तो माझ्यावर ओरडत आला.

"आई, मी सांगितलं होतं ना, गप्प बस म्हणून!"

"तुझ्या आजोबानेही असंच झाकलं होतं. खोटं बोलून," मी म्हटलं. "जेवून घे आणि मग ठाण्यावर जा. उपाशी माणूस तिथे भांडतो."

तो जेवला नाही. गेला. मी बसून राहिले. तेवढा वेळ मात्र मला जड गेला, ते खोटं सांगत नाही. नवऱ्याची कपड्यांची बॅग कोणती भरायची, तुरुंगाची की विमानाची, हे ठरवता येईना, म्हणून भरलीच नाही.

दिवस कलला तेव्हा मुलाची गाडी फाटकातून आत आली. पुढे मुलगा, मागे दोन म्हातारे. नवऱ्याच्या हाताला पट्टी आणि तोंडाला मलम, त्यामुळे तो लग्नातल्या हळदीच्या नवऱ्यासारखा दिसत होता.

मुलाने सांगितलं ते असं. वरच्या साहेबाने सगळं दोनदा विचारलं. दोघांना वेगवेगळं बसवून, आणि दोघांनीही सारखंच सांगितलं, कारण आता खरं सांगायचं होतं. त्याला पाठांतर लागत नाही. साहेबाने नवऱ्याला विचारलं, बंदूक भरलेली आहे की नाही हे बघितलं का नाही? नवऱ्याने चिंधीचं सांगितलं. मुलाने ते हिंदीतून, इंग्रजीतून, हातवारे करून समजावलं. साहेब म्हणाला, ही चांगली पद्धत आहे, पण ती ह्या बंदुकीला कोणी सांगितली नव्हती. नवऱ्याकडून लिहून घेतलं की पुन्हा हत्याराला हात लावणार नाही. पुढे काही दिवस ठाण्यावर हजेरी द्यायला लावली. पुन्हा असं झालं तर मग थेट विमान, हेही बजावलं. अर्बाबला जास्त बोलणी बसली. परवाना तुझा, जबाबदारी तुझी, आणि तू ती परक्या माणसाच्या हातात दिलीस. बंदूक ठेवून घेतली. नळी कायमची बंद करून मगच परत मिळेल, म्हणाले.

"इथंच रवतलो मां?" मी नवऱ्याला विचारलं. इथेच राहणार ना?

"काय?"

मी मुलाकडे बघितलं. मुलाने मान हलवली. राहणार.

मग मी जेवायला वाढलं. अर्बाबही आमच्याबरोबर खाली बसून जेवला. तो माझ्याशी बोलत नव्हता. आमटी दुसऱ्यांदा मागताना म्हणाला, "अम्मा, कुकर अच्छा है." तेवढ्यावर आमचं मिटलं.

लग्नात तो नुसती काठी घेऊन नाचला. बंदूक काही महिन्यांनी परत आली, नळीत शिसं ओतून बंद केलेली. माझ्या नवऱ्याने बसवलेला दस्ता तसाच होता, केसभर हललेला नाही, हे तो अजून भेटेल त्याला सांगतो. बंदूक आल्या दिवशी नवरा अर्बाबच्या घरी गेला आणि नळीच्या बंद तोंडावर एक लाल चिंधी बांधून आला. अर्बाबने विचारलं, आता कशाला? नवरा म्हणाला, कायदा तो कायदा.

आता आम्ही माबेलात मुलाकडे राहतो. सुतारकीचं दुकान दुसऱ्याने घेतलं. नवऱ्याचा डावा कान गेला तो गेलाच, उजव्याने कामापुरतं ऐकतो, माझं काम सोडून. अर्बाब मागच्या थंडीत वारला, साखरेच्या आजाराने, आपल्या अंथरुणात, नातवंडं भोवती असताना. बकरी लग्नात शिजली.

पण त्या दुपारी शेडमध्ये मी होते, माझा नवरा होता आणि अर्बाब होता. बार आमच्यामधून गेला. तिघंही वाचलो.